तीन भाषा, एक कीबोर्ड आणि मध्येच उघडणारी ती यादी

खानापूर तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: अर्जी कन्नडमध्ये भरायची, माणसाला वाचायला तीच मराठीत छापून द्यायची, मेल इंग्रजीत पाठवायचा. दिवसभरात शंभरदा भाषा बदलावी लागते. दर वेळी स्क्रीनवर भाषांची यादी उघडते, नजर तिकडं जाते आणि एवढं करून गाडी चुकीच्याच भाषेवर थांबते. ‘ही पेटी कायमची बंद होईल असं काहीतरी सांगा की.’

सांगते. बेळगावात शहापूरच्या बाजूला डीटीपीचं दुकान चालवून मला पंचवीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळांचे अहवाल, दुकानांच्या पाट्या. 2024 मध्ये पाट्यांवर 60 टक्के कन्नड असण्याचा कायदा आला, तेव्हापासून तर एकाच पाटीत तीन लिप्या जुळवण्याचं काम रोजचंच झालंय. त्यामुळे या यादीला माझ्याइतक्या शिव्या कुणी घातल्या नसतील.

ती यादी का उघडते ते आधी समजून घ्या, नाहीतर तुम्ही ती बंद कराल आणि दुसऱ्याच खड्ड्यात पडाल. मी पडले होते, ते पुढे येईलच.

विंडोज 7 च्या काळात ही कटकट नव्हती. डावं ऑल्ट आणि शिफ्ट दाबलं की खाली कोपऱ्यातली अक्षरं बदलायची, बस्स. विंडोज 8 पासून विंडोजचं बटण आणि स्पेसबार ही जोडी आली आणि तिच्याबरोबर ही यादी. ज्याच्याकडे दोनच भाषा आहेत, समजा पुण्यातला कुणी मराठी आणि इंग्रजीवाला, त्याला तिचं फारसं काही वाटत नाही. त्याचं काम दिव्याच्या बटणासारखं आहे, एकदा दाबलं की इकडे, पुन्हा दाबलं की तिकडे. आपल्याकडे तीन भाषा आहेत आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. मराठी, मग इंग्रजी, मग कन्नड, मग पुन्हा मराठी असा तो फेरा आहे, आणि विंडोज-स्पेसने तो एकाच दिशेने फिरतो. मराठीतून इंग्रजीत जायला एक दाब. इंग्रजीतून मराठीत यायला दोन. म्हणजे किती वेळा दाबायचं हे तुम्ही आत्ता कुठे आहात यावर ठरणार, आणि तुम्ही कुठे आहात हे बघायला ती यादी हवी. फेरा आहे तोवर यादी लागणारच.

म्हणून यादी बंद करायच्या आधी फेरा बंद करायचा. तिन्ही भाषांना स्वतःचं वेगवेगळं बटण द्यायचं.

विंडोजमध्ये ही सोय फार जुनी आहे, फक्त नव्या सेटिंग्जच्या मागे लपवून ठेवलीय. विंडोज 11 असेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे खाली ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. विंडोज 10 मध्ये टायपिंग हे पान ‘डिव्हायसेस’खाली असतं आणि पुढे ‘लँग्वेज बार ऑप्शन्स’मधून जावं लागतं. शेवटी एक जुन्या वळणाची छोटी खिडकी उघडते, तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड की सेटिंग्ज’ असा भाग आहे. तिथे पहिली ओळ भाषांमधल्या फेऱ्याची, आणि खाली तुमच्याकडे जितक्या भाषा तितक्या ओळी.

पहिल्या ओळीवर जाऊन ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा आणि दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’ करा. डाव्या ऑल्ट-शिफ्टचा फेरा आणि कंट्रोल-शिफ्टचा फेरा, दोन्ही गेले पाहिजेत. कोरल किंवा फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्याला कंट्रोल-शिफ्टचा त्रास सांगायला नकोच: शॉर्टकट मारायला जावं आणि कीबोर्डच बदलून बसावा.

मग इंग्रजीच्या ओळीवर या, ‘एनेबल की सीक्वेन्स’वर टिक करा, डावं ऑल्ट-शिफ्ट निवडा आणि समोर 1 हा आकडा घ्या. मराठीला 2, कन्नडला 3. ओके, अप्लाय. झालं. माझ्या दुकानातल्या यंत्रांवर असं थेट बटण दाबलं की यादी उघडत नाही, फक्त घड्याळाशेजारचं चिन्ह बदलतं. विंडोज-स्पेस तसंच राहतं, ते या खिडकीतून काढता येत नाही, पण तुम्ही ते दाबलंच नाही तर यादी येणार कुठून? पहिले दोन-तीन दिवस अंगठा आपोआप तिकडे जातो. जाऊ दे.

आता याचा खरा फायदा काय ते बघा. मराठीत असतानाच मराठीचं बटण पुन्हा दाबलं तर काहीही बिघडत नाही, मराठी मराठीच राहते. फेऱ्यात तसं नाही, तिथे एक दाब जास्त झाला की गाव सुटलं. म्हणून माझी सवय अशी: नवी ओळ सुरू करण्याआधी, आपण कुठे आहोत याचा विचारच न करता, जी भाषा हवी तिचं बटण दाबून टाकायचं. बघायला नको, आठवायला नको. एसटीत चढताना पाटी वाचलेली असली तरी आपण कंडक्टरला ‘खानापूर ना?’ म्हणतोच की, तसं.

हे करताना भाषांची यादीही एकदा झाडून घ्या. बऱ्याच यंत्रांवर इंग्रजी दोनदा असतं, एक इंडियाचं आणि एक अमेरिकेचं. मराठीखाली कधी इनस्क्रिप्ट (दर अक्षराला ठरलेलं बटण) आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी) असे दोन कीबोर्ड बसलेले असतात. म्हणजे तीन भाषांच्या नावाखाली पाच थांबे. जे वापरत नाही ते काढा. इंग्रजीतलं एकच ठेवायचं तर इंडियाचं ठेवा, त्यात उजवं ऑल्ट आणि 4 दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं, पावत्या करणाऱ्याला बरं पडतं.

त्याच ॲडव्हान्स्ड पानावर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, प्रत्येक प्रोग्रामच्या खिडकीला वेगळी भाषा ठेवू देणारी टिक. ती चालू केली की वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये कन्नड असं शेजारी-शेजारी नांदतं, आणि बदलायची वेळच निम्म्याने कमी येते. तुमच्यासारखं पोर्टल एकीकडे आणि वर्ड दुसरीकडे असं काम असेल तर लावाच. सगळं काम एकाच ब्राउझरमध्ये असेल तर तिचा उपयोग नाही. दुसरी, सुरुवातीची भाषा पक्की करण्याची जागा. तिथे इंग्रजी ठेवा, म्हणजे नवा प्रोग्राम उघडल्या-उघडल्या पासवर्ड कन्नडमध्ये जात नाही.

आता माझा खड्डा. काही वर्षांपूर्वी मलाही यादीचा असाच वीट आला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून मी जुनी लँग्वेज बार, म्हणजे चालू भाषा दाखवणारी छोटी पट्टी, परत आणून ठेवली, यादी दिसेनाशी झाली, मी खूश. पण फेरा तसाच ठेवला. एका शाळेचा वार्षिक अहवाल होता, रात्रीचं काम, दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला जायचा. डोळे हाताने लिहिलेल्या कागदावर, बोटं कीबोर्डवर. पान संपवून मान वर केली तर अख्खं पान कन्नड लिपीत! भाषा मराठी, ऱ्हस्वदीर्घ सगळं जागच्या जागी, आणि अक्षरं कन्नड. पत्रिकेसाठी थांबलेले एक म्हातारे मामा मागून वाकून वाचायला लागले. अडखळले सुद्धा नाहीत. म्हणाले, ‘बरोबर आहे की गं सगळं, पुसायलीस कशाला?’

असं का झालं हे कळायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड माहीत हवा. इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांना हे लक्षात येत नाही. इनस्क्रिप्टची रचना 1986 सालची, आपल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं. के दाबलं की मराठीत क येतो, कन्नडमध्ये कन्नडचा क येतो. शिफ्ट-एन म्हणजे दोन्हीकडे ळ. आपल्या शहराचं नाव घ्या. मराठीत ‘बेळगाव’ लिहायला वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. कन्नडमध्ये 2014 पासून सरकारी इंग्रजीतही आलेलं ‘बेळगावी’ लिहायला वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. फरक बघा केवढासा: कन्नडमध्ये पहिला ‘बे’ ऱ्हस्व आहे म्हणून एसऐवजी झेड, आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटीचं एफ. बाकी बोटं तीच, वाट तीच. गावाच्या नावावरून एवढी वर्षं भांडण चाललंय, आणि कीबोर्डवर अंतर दीड बटणाचं.

सीमाभागात काम करणाऱ्याला याच्यासारखं वरदान नाही. एक कीबोर्ड शिकलात की दुसरा जवळजवळ फुकट मिळतो. माझ्याकडे कन्नड शाळेत शिकलेली एक मुलगी कामाला आली, पंधरा दिवसांत मराठी टाइप करायला लागली, कारण तिची बोटं आधीच तयार होती. तिला फक्त ऱ्य शिकवावा लागला (‘दुसऱ्या’मधला, शिफ्ट-जे मग डी मग य), कारण कन्नडमध्ये तो प्रकार नाही. पण हेच वरदान उलटतंही. कीबोर्ड वेगवेगळे असते तर पहिल्या शब्दालाच काहीतरी गचाळ उमटलं असतं आणि मी थांबले असते. इथे बोटांना काहीच वेगळं लागत नाही, म्हणून पान संपेपर्यंत कळत नाही.

ते पान पुन्हा टाइप करावं लागलं नाही, तेही त्याच कारणाने. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, आपल्या लिप्यांचे तक्ते इस्की या भारतीय मानकावरून घेतलेले आहेत, प्रत्येक लिपीला 128 घरं आणि घरांचा क्रम सारखा. देवनागरीचा तक्ता 2304 पासून सुरू होतो, कन्नडचा 3200 पासून. म्हणून कन्नड अक्षराच्या क्रमांकातून 896 वजा केले की त्याच उच्चाराचं देवनागरी अक्षर हातात येतं. देवनागरी क 2325, कन्नड क 3221. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, त्याने चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहून पान उलटं करून दिलं आणि वर वडापाव खाऊन गेला. सकाळी अहवाल वेळेवर गेला. पण तेव्हाच ठरवलं, फेरा नको.

यादी गेली तरी स्क्रीनवर मध्येच उगवणाऱ्या बाकीच्या गोष्टी उरतात, आणि लोक त्यांनाही ‘ती पेटी’च म्हणतात. तुमच्या प्रश्नात यातली कुठली आहे ते तुम्हीच ताडून बघा.

शब्दाखाली पर्यायांची पट्टी येत असेल, म्हणजे ‘क’ म्हटलं की खाली ‘क, का, की’, तर ती भाषा बदलण्याची यादी नाही. तुम्ही फोनेटिक कीबोर्ड घेतलाय. विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड आले, आणि शब्द सुचवत राहणं हाच त्यांचा धर्म आहे. ती पट्टी काढून फोनेटिक वापरणं म्हणजे चष्मा काढून वाचणं. पट्टी नको असेल तर इनस्क्रिप्टवर या. महिनाभर हात रडतील. माझं मत स्पष्ट आहे: दिवसाला दोन-चार ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिकवर राहावं, टायपिंगवर पोट असलेल्याने इनस्क्रिप्ट शिकावा. इंग्रजी लिहितानाही सूचना येत असतील तर टायपिंगच्याच पानावर, कीबोर्डवर लिहिताना शब्द सुचवण्याची आणि अनेक भाषांत सुचवण्याची, अशा दोन टिका आहेत, त्या काढा.

‘स्टिकी कीज चालू करू का?’ असं विचारणारी खिडकी येते ती शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यामुळे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट फार लागतं, त्यामुळे शिकणाऱ्यांना हमखास येते. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्डखाली तिचा शॉर्टकट बंद करा.

आणि वर्ड. वर्डमध्ये काहीही न दाबता भाषा बदलते, अशी तक्रार घेऊन आठवड्याला एक जण तरी येतो. ‘मी काय केलंच नाही, आपोआप कन्नड होतंय बघा.’ खरं असतं ते. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड भागात, आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलण्याची एक टिक असते. कन्नड परिच्छेदात क्लिक केलं की कीबोर्ड कन्नड. कल्पना चांगली, पण आपल्याकडे एका वाक्यात तीन भाषा असतात. तिथे हा शहाणपणा चालत नाही. काढून टाका. आणि वर्डमध्ये ऑल्ट एकटंच दाबून सुटलं तर वरच्या पट्टीवर अक्षरांच्या चिठ्ठ्या उगवतात. घाबरू नका, एस्केप दाबा.

तुमच्या केंद्रावर नुडी, म्हणजे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, नक्की असणार, सरकारी कागदांसाठी अनेकांकडे असतंच. ते कन्नड गणक परिषदेचं, आणि त्याची चालू-बंदची व्यवस्था विंडोजपासून वेगळी आहे, स्क्रोल लॉकच्या बटणावर. म्हणजे वर विंडोज मराठीत आणि आत नुडी चालू, असं झालं की जे उमटतं ते ना मराठी ना कन्नड. नियम एकच: नुडी वापरताना विंडोज इंग्रजीत. आधी ऑल्ट-शिफ्ट-1, मग स्क्रोल लॉक. काम संपलं की नुडी बंद करा, नुसतं खाली दडवून ठेवू नका. नव्या लॅपटॉपवर स्क्रोल लॉक शोधूनही सापडत नाही. तिथे मी साधा बाहेरचा कीबोर्ड जोडते, त्याच्यावर ते बटण असतं. युनिकोडमध्ये कन्नड चालत असेल अशा कामाला मात्र नुडी उघडूच नका, विंडोजचा कन्नड कीबोर्ड पुरे.

उबंटू, म्हणजे लिनक्स, वापरणारे थोडे आहेत, त्यांच्यासाठी एवढंच. तिथेही विंडोज-स्पेसने यादी येते. ट्वीक्स नावाचा प्रोग्राम घालून त्यात कीबोर्डखाली लेआउट बदलण्याचे जास्तीचे पर्याय उघडा, त्यातल्या बटणांनी बदललं तर यादी दिसत नाही. उजवं ऑल्ट दाबून धरेपर्यंत दुसरी भाषा, सोडलं की परत पहिली, असाही पर्याय तिथे आहे, मराठीत एखादाच इंग्रजी शब्द घालायचा असेल तर झकास. लेआउट चारपेक्षा जास्त ठेवू नका, त्या खालच्या यंत्रणेत चारच बसतात. गंमत म्हणजे लिनक्सच्या यादीत मराठीचा एक फोनेटिक कीबोर्ड ‘कगप’ नावाने आहे, म्हणजे तीच आपली कन्नड गणक परिषद. बेंगळुरूच्या परिषदेच्या नावाने मराठी कीबोर्ड! मॅकवाले माझ्याकडे फारसे येत नाहीत. तिथे कंट्रोल-स्पेस आहे, आणि सोनोमा या आवृत्तीपासून कर्सरजवळ छोटी निळी खूण दिसते, ती डोळ्यात भरत नाही.

तुमच्याकडे परत येते. हे सगळं सोमवारी सकाळी, काउंटरवर उताऱ्यासाठी रांग लागलेली असताना करू नका. शनिवारी संध्याकाळी करा, रविवारी घरी तासभर बोटं फिरवा. विंडोजचा मोठा अपडेट आला की एकदा ती छोटी खिडकी उघडून तिन्ही आकडे जागेवर आहेत ना ते बघा, माझे दोनदा उडाले होते. आणि मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा: 1 इंग्लिश, 2 मराठी, 3 कन्नड. माझी चिठ्ठी पिवळी पडलीय, 3 तर पुसूनच गेलाय. मला ती लागत नाही, पण दर दोन वर्षांनी कामाला नवी मुलगी येते, आणि पहिल्या दिवशी तिचा अंगठा विंडोज-स्पेसकडेच जातो.